जर्दाळूंचा काटा

हा काटा पूर्वी जर्दाळूंचा होता.
इस्फराच्या गोदामात तीस वर्षं त्यानं
गोड तेवढंच तोललं.
गोदाम बुडालं, तेव्हा पगाराऐवजी मला काटा मिळाला.
तो मी बसस्टँडवर आणून मांडला,
उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांपाशी.
वीस किलोंपर्यंत फुकट, पुढे ड्रायव्हर किलोमागे लुटतो,
म्हणून लोक आधी माझ्याकडे येतात.
एका पिशवीचे तीन सोमोनी.

कुठं निघालात, का निघालात, मी विचारत नाही.
पिशवी सांगते.

मार्चमध्ये गवंडी निघतात. नऊ किलो, फार तर दहा.
थापी, लोकरीचे मोजे, आईनं कोपऱ्यात कोंबलेले जर्दाळू.
एवढ्यावर ते मॉस्कोत वीस-वीस मजले चढवतात.
नोव्हेंबरात येतात तेव्हा पिशव्या तिप्पट
आणि माणसं हलकी.

सप्टेंबरात शिकायला जाणारी पोरं.
शहनोजच्या बत्तीस किलोंत एकोणीस किलो पुस्तकंच.
म्हटलं, पुस्तकं तिकडंही मिळतात गं.
म्हणाली, ह्यांच्या समासात मी आहे.

नवरीची पेटी दोघांनी उचलायची. सात रजया.
तिला कुणी विचारलेलं नसतं,
पण ह्या जाण्याला कुणी जाणं म्हणत नाही.
ढोल वाजवतात.

वरच्या वस्तीतला झरा आटला, ती माणसं उतरली
खांद्यावर फावडी घेऊन.
पाटच नाही तिथं फावडं कशाला?
मीच गप्प बसलो. मी तरी काटा का सांभाळला?

नदीपलीकडं गोळ्या चालल्या त्या आठवड्यात
तोलायला कुणाला सवड नव्हती.
एक म्हातारा तेवढा आला, मिर्झोशरीफ.
पोत्यात दाराची कडी बिजागऱ्यांसकट,
एक बूट, इस्त्री, जिवंत कोंबडी.
तेव्हा मात्र राहवलं नाही, विचारलं: हेच का?
"हाताला लागलं," म्हणाला,
आणि कोंबडीला पाणी मागितलं.

माझ्या आजोबांना कुणी तोललं नव्हतं, मोजलं होतं.
डोंगरातलं अख्खं गाव, एकशे अठरा डोकी,
ट्रकांत घालून खाली सपाटीवर.
कागदावर कारण लिहिलं होतं: कापूस.
मरेपर्यंत आजोबा सपाट रस्त्यानंही
चढ असल्यासारखे पुढं वाकून चालत.

आमच्याकडं निघणारा माणूस
ताज्या नानाचा एक घास तोडतो.
उरलेला नान घरचे भिंतीला टांगतात,
येऊन संपवेल म्हणून.
आमच्या गल्लीत घरोघरी
भिंतींना दातांच्या खुणा आहेत.
माझ्या घरी दोन. उंदीर पोचू नयेत
म्हणून खिळे उंच ठोकलेत.

काल गुलंदोम आली. पिशवी सहा किलो.
नवरा अकरा वर्षांपूर्वी गेला.
आधी पैसे यायचे, मग नुसता फोन,
मग फोनवर तीन शब्द, आणि नंबर बंद.
शोधायला निघालीस?
"छे. हॉस्पिटलात फरशी पुसायचं काम आहे."
मग फडक्यातून लाकडासारखा झालेला नान काढला,
काठाला कुणाचा तरी पंचविशीतला चावा.
"हा वेगळा तोला."

जर्दाळूंचा काटा. पावशेराखालचं त्याला कळत नाही.
काटा हलला नाही.
बघ, म्हटलं, काहीच नाही.
"मग धरू नका वजनात," म्हणाली,
आणि तो परत तळाशी घातला.

टपरीवरून तिनं स्वतःसाठी नान घेतला, गरम.
घास तोडला. चावत चावत इकडं तिकडं पाहत राहिली,
उरलेला कुणाच्या हातात द्यायचा.
गाडीनं हॉर्न दिला.

माझ्या धंद्याला भिंत नाही.
काट्याच्या खांबाला सुतळीनं बांधलाय.

गडबडीत तीन सोमोनी द्यायचे राहिले तिचे.
आल्यावर देईल.